साळिंदराचा धाकटा भाऊ

शेजारच्या बाईंनी दार वाजवलं तेव्हा मी घरून काम करत होते. म्हणजे लॅपटॉपसमोर बसून, कॉल म्यूट करून, नखं बघत होते. सप्टेंबर नुकताच लागला होता. मेडनहेडमधलं आमचं भाड्याचं घर, मागे लांबोळकी बाग, बागेच्या एका बाजूला लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे ह्या बाई. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, ताठ. दोन वर्षांत आमचं बोलणं कचऱ्याच्या पुढे गेलं नव्हतं. ह्या आठवड्यात काळा बिन की हिरवा, एवढंच. त्यामुळे त्यांना दारात बघून मला वाटलं, आपला बिन चुकला.

"तुमच्या बागेत हेजहॉग येतोय," त्या म्हणाल्या. "प्लीज, जरा लक्ष ठेवा."

मग उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी मला सगळं समजावलं. कुंपणाखाली फट आहे ती बुजवायची नाही, तो त्याचा रस्ता आहे. पानांचा ढीग केलात तर जाळायच्या आधी उलटून बघायचा, आत झोपलेला असू शकतो. थंडी पडायच्या आत त्याला पोटभर खाऊन जाड व्हायचं असतं. मग तो झोपतो तो वसंतातच उठतो. बारीक राहिला तर झोपेतच जातो. अंधारायला लागलं की बागेत बघत जा, म्हणाल्या, आणि दिसला की मला सांगा. मी "शुअर, शुअर" म्हणत होते. त्या काळात मी सगळ्यालाच शुअर म्हणायचे.

आत बाबा टेबलाशी बसून आदल्या दिवशीचा पेपर वाचत होते. पुण्याहून येऊन त्यांना तीनच आठवडे झाले होते. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा, पण थंडी सोसणार नाही म्हणून दिवाळीआधी परत जायचं ठरलेलं. आल्यापासून ते आपणहून काही बोलत नव्हते. विचारलं तर उत्तर देत, तेही मोजकं.

"कोण येतंय म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हेजहॉग."

"म्हणजे साळिंदर?"

"नाही हो बाबा. साळिंदर केवढं मोठं असतं. हा एवढासा असतो, दोन मुठींएवढा. अंगावर काटे असतात, पण सोडत-बिडत नाही."

"साळिंदरही काटे सोडत नाही. लोकांनी उठवलेली अफवा आहे ती," बाबा म्हणाले. ते वीज खात्यातले निवृत्त इंजिनिअर, चुकीची माहिती त्यांच्यासमोर टिकायची नाही. "मग ह्याला मराठीत म्हणतात काय?"

मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. पेपर खाली ठेवून बाबा म्हणाले, "साळिंदराचा धाकटा भाऊ म्हणू." तीन आठवड्यांतला हा त्यांचा पहिला विनोद. मी हसले नाही. हसायचं आहे हे लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेली होती आणि कॉलवर कुणीतरी माझं नाव घेत होतं.

आईला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. सव्वा वर्षात मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग ओठ जागेवर आहे की नाही ते बोटानं चाचपून बघावं लागतं, तसं. ऑफिसला जात होते, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढत होते, शनिवारी कपडे, रविवारी ईलिंगहून भाजी. नवरा सोमवार ते शुक्रवार लीड्सला क्लायंटकडे असायचा, त्यामुळे चेहरा करून दाखवायलाही घरात कुणी नव्हतं. कुणी "हाऊ आर यू" म्हटलं की "गुड, थँक्स". ते खोटं नव्हतं. माझं खरंच बरं चाललं होतं, फक्त मी तिथे नव्हते.

आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट मुदतवाढीसाठी क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात गेलेला होता. परत मागवला तर अर्ज रद्द, अर्ज रद्द तर नोकरी गेली, आणि इतकं करूनही तो हातात पडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. भाऊच फोनवर म्हणाला, "तू आता येऊन काय करणार?" त्याचं बरोबर होतं. अचानक झालं, म्हणाला. हार्ट. कुणाला काही कळायच्या आत. मीही तोच शब्द उचलला आणि इथे सगळ्यांना तेच सांगत सुटले, अचानक, अचानक. मॅनेजर म्हणाला, हवी तेवढी रजा घे. मी म्हटलं, नको, पुढच्या आठवड्यात रिलीज आहे.

दहाव्याला कावळा शिवेना. इथे पहाट होती, फोन वाजला. घाटावरून भाऊ बोलत होता. सगळ्यांचं कबूल करून झालं होतं. बाबांना सांभाळू, तुझ्या कुंड्यांना पाणी घालू, धाकट्या नातवाची मुंज करू. कावळे झाडावर बसून बघत होते, पण पिंडाकडे एकही उतरेना. शेवटी मावशी म्हणाली, "लेकीत जीव अडकलाय तिचा. लावा फोन लंडनला." मेडनहेडला आमच्याकडे कुणी मेडनहेड म्हणत नाही.

"बोल," भाऊ म्हणाला. "स्पीकरवर आहेस."

"कुणाशी बोलू?"

"अगं, कावळ्याशी! म्हणजे आईशी. म्हण काहीतरी लवकर."

मी रजईत उठून बसले आणि म्हटलं, "आई, मी नीट आहे. काळजी करू नकोस." सोमवारच्या मीटिंगला 'ऑल ऑन ट्रॅक' म्हणायचे, त्याच आवाजात. पलीकडून कावकाव ऐकू येत होती, पण लांबून. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. माझ्या शब्दावर कावळ्याचासुद्धा विश्वास बसला नाही. मग मी अंघोळ केली आणि ऑफिसला गेले.

पासपोर्ट आल्यावर आठवडाभर पुण्याला जाऊन आले. मावशी गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "तुझ्यासाठीच अडकली होती गं." मला राग यायला हवा होता. एरवी मी जमदग्नी, बोलणाऱ्याची सालटीच काढली असती. पण मी "हो का" म्हटलं आणि चहा घेतला.

बाबा खरं तर जन्मभर असल्या गोष्टींना हसत आलेले. "कावळ्याचं पोट भरलेलं असतं हो," म्हणायचे, "घाटावर सकाळपासून जेवणावळी." आता मात्र हसत नव्हते. वर्षश्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं, तेव्हाही कावळा शिवला नाही. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बॅगेतून पंचांग काढलं आणि बोट ठेवून म्हणाले, "अविधवा नवमी मी इथे असतानाच येतेय." नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी ती. "पान ठेवायचंय मला. कावळे आहेत ना तुमच्याकडे?"

"ढिगानं आहेत."

"ह्या वेळी तरी शिवायला हवा," बाबा म्हणाले. "तिचं काहीतरी राहिलंय. दोनदा मागे फिरली." एवढं बोलून त्यांनी पंचांग मिटलं. काय राहिलंय हे मी विचारलं नाही. मावशीनं सांगितलेलंच होतं मला.

त्या संध्याकाळी, शेजारच्या बाई येऊन गेल्या त्याच दिवशी, बाबांनी मागच्या पायरीवर वाटीभर दूध ठेवलं. दारात जीव आला तर त्याला दूध द्यायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सकाळी वाटी रिकामी. बाबांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी हललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध कोमट केलं. तिसऱ्या दिवशी वर चिमूटभर साखर. नेमकं ते ठेवताना कुंपणावरून बाईंनी पाहिलं.

"नो मिल्क, लव्ह! नेव्हर मिल्क!" त्या जवळजवळ किंचाळल्या. हेजहॉगला दूध पचत नाही, जुलाब होतात, त्यात तो मरतोसुद्धा. मी बाबांना मराठीत सांगितलं. हातातली वाटी तशीच धरून बाबा उभे.

"दूध कसं बाधेल?" ते म्हणाले. "तिला विचार, गाईचंच बाधतं की कुठलंही?"

कुठलंही. ठेवायचं तर पाणी, आणि मांजराच्या खाण्याचा डबा मिळतो तो. मी सुपरमार्केटमधून डबा आणला, तर बाबांनी त्यावरचं कोंबडीचं चित्र बघून हात मागे घेतला. पितृपंधरवडा तोंडावर आलेला. "अहो बाबा, तो मांसाहारीच आहे. गोगलगायी खातो, किडे खातो." "मग त्याच्या त्यानं खाव्यात की! डबा आपण फोडायचा नाही." शेवटी डबा मी कुंपणावरून बाईंना देऊन टाकला. पाणी आमच्याकडे, कोंबडी त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. बाई मनातल्या मनात काय म्हणाल्या असतील ते म्हणोत, तोंडानं 'फेअर इनफ' म्हणाल्या.

पहारा मात्र आमच्याकडे. दिवेलागणीला, म्हणजे आपली दिवेलागण, कारण इथे आम्ही उलट दिवे घालवायचो, स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराशी दोन खुर्च्या ओढून बसायचो. बाबा घरातसुद्धा स्वेटर, मफलर, माकडटोपी. मी लॅपटॉप मिटून. डोळ्यांत तेल घालून बघायचं. पहिले काही दिवस मांजर आलं, कोल्हा येऊन गेला, आणि एकदा वाऱ्यानं आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे आम्ही दोघं बराच वेळ श्वास रोखून बघत बसलो. "हलतोय, हलतोय," बाबा कुजबुजत होते. पिशवी आहे हे कळल्यावर म्हणाले, "बरं झालं तुझ्या आईनं नाही पाहिलं. आठवडाभर पुरवलं असतं तिनं." तेवढंच आईबद्दल. मी खुर्ची सरळ केली.

बागेत पानं पडायला लागली होती. बाबांनी ती खराट्यानं कोपऱ्यात लोटून ढीग केला आणि नंतर त्या ढिगाला कुणाला हात लावू देईनात. घरमालकाचा माळी आला तर दोन्ही हात पसरून ढिगापुढे उभे राहिले. इथल्या लोकांचं बोलणं त्यांना नीट कळत नाही, पण स्वतःचं इंग्रजी चांगलं आहे; त्या वेळी मात्र सगळं विसरून "नो! धाकटा भाऊ!" एवढंच म्हणाले. माळी हसत निघून गेला.

आणि मग एका संध्याकाळी आवाज आला. पडसं झालेल्या माणसानं ताकाचा भुरका मारावा तसा. बाबांनी माझं मनगट धरलं. कुंपणाखालच्या फटीतून एक काळपट गोळा बाहेर आला, थांबला, नाक वर करून हुंगलं आणि मग तुरुतुरु निघाला. मला वाटायचं तो लोळत चालत असेल. पाय चांगले उंच निघाले. पाण्याच्या थाळीपाशी गेला, प्यायला, ढिगाच्या मागे नाहीसा झाला. बाबांनी मनगट सोडलं नाही. मला काही वाटलं नाही. पण बोटं सुटल्यावर मनगटावर त्यांच्या नखांचे वळ होते आणि ते मी बराच वेळ बघत बसले.

सकाळी आम्ही बाईंना वर्दी दिली. "केवढा होता?" त्यांनी विचारलं. बाबांनी ओंजळ करून दाखवली. बाईंनी मान हलवली. लहान आहे, म्हणाल्या, उशिरा जन्मलेला दिसतो. खायला हवं त्यानं, नाहीतर हिवाळा काढणार नाही. त्या दिवसापासून बाबांच्या मागे दोन घोर लागले. दिवसा कावळे न्याहाळायचे आणि संध्याकाळी त्याला. "आज जरा भरल्यासारखा वाटतोय ना?" म्हणायचे. मी हो म्हणायचे.

नवमीच्या दिवशी मी घरूनच काम घेतलं. सवाष्ण जेवायला घालायची तर तो नेमका कामाचा दिवस. ईलिंगची मैत्रीण म्हणाली, "लीव्हच नाही गं उरली." म्हणजे सगळी भिस्त पानावर. सकाळी गोळी घेऊन बाबा स्वयंपाकघरात शिरले. मी वरणभात, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, वडे केले. तांदळाची खीर त्यांनी स्वतः केली, आईची पातळ व्हायची तशीच पातळ. केळीचं पान मिळालं नव्हतं, तेव्हा कागदी प्लेट. सगळं वाढून, खिरीची वाटी वर ठेवून बाबांनी ती बागेच्या मधोमध नेऊन ठेवली आणि पायरीवर बसले. पान शिवेपर्यंत जेवायचं नाही. मधुमेहाच्या माणसानं, सकाळी गोळी घेऊन.

समोरच्या धुराड्यावर कावळा होता. चांगला काळाकुळकुळीत, आपल्यापेक्षा थोराड. बाबांनी हात जोडले. "ये गं," म्हणाले. कावळा उतरला. मी आतून बघत होते, माझाही हात कीबोर्डवर थांबला. तो पानापासून हातभर अंतरावर उतरला, ऐटीत चालत पानाला एक वळसा घातला, वड्याकडे मान तिरकी करून बघितलं, आणि शेजारच्या गवतातून एक गांडूळ ओढून काढून उडून गेला. इंग्लंडच्या कावळ्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

मग बाबा बोलायला लागले. "पोरीची काळजी करू नकोस. जावई चांगला आहे. मी गोळ्या वेळेवर घेतो. भिशीतल्या तुझ्या मैत्रिणी येऊन जाऊन असतात." थांबायचे, वर बघायचे, पुन्हा काहीतरी. दोन वाजले, तीन वाजले. मी सरबत नेलं, तर हातानंच नको म्हणाले.

"बाबा, शुगर उतरेल. चार घास खाऊन घ्या."

"अजून थोडं बघू."

"अहो, ती असती तर तिनं तुम्हाला असं बसू दिलं असतं का?"

"ती असती तर कशाला बसलो असतो?" बाबा म्हणाले. मी आत गेले. कॉलवर माझी पाळी आली होती. "कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?" विचारलं आणि काचेतून माकडटोपीची मागची बाजू बघत पंधरा स्लाइड वाचून दाखवल्या. एक चूक झाली नाही.

चारच्या सुमाराला बाईंचं डोकं कुंपणावर आलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं असावं. मी बाहेर जाऊन सांगितलं, माझ्या आईसाठी आहे. आमच्यात असं असतं, कावळ्यानं खायला हवं, त्याशिवाय बाबा जेवणार नाहीत. मला वाटलं, आता ह्या बाई डॉक्टरांना फोन लावतात.

बाईंनी प्लेटकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "पक्षीच हवा का?" त्यांनी विचारलं.

मी बाबांना मराठीत सांगितलं. "त्या विचारतायत, पक्षीच हवा का म्हणून." बाबा वर धुराड्याकडे बघत राहिले. बाई आत गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी त्यांच्या बाजूची मांजराच्या खाण्याची थाळी उचलून घरात नेली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ऊन गेलं. मी बाबांना घोंगडी आणून दिली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. सातच्या पुढे गार पडलं, बागेतले रंग गेले, फक्त ती पांढरी प्लेट दिसत राहिली. मी ठरवलं होतं, पूर्ण अंधार पडला की सरळ ह्यांच्या तोंडात घास घालायचा. तेवढ्यात कुंपणाशी तो भुरका ऐकू आला.

तो फटीतून निघाला आणि पाण्याकडे न जाता, ढिगाकडे न जाता, नाक वर धरून सरळ पानाकडे आला. बाबा उठून उभे राहिले. मीही उठले, कारण मला खीर दिसली. दोन पावलांत जाऊन मी वाटी उचलली.

"राहू दे," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "तिच्या आवडीची आहे."

"दूध आहे बाबा. मरेल तो."

तो क्षणभर आखडला. मी वाटी छातीशी धरून तशीच उभी राहिले, हलले नाही. मग त्यानं तोंड पुढे केलं आणि वरणभाताला लागला. मचमच आवाज करत, पुढचे पाय प्लेटमध्ये देऊन. वडा ओढून उलटा केला आणि तोही खायला घेतला.

बाबांनी हात जोडले. मला वाटलं, आता संपलं, आता जेवतील. पण ते बोलायला लागले. माझ्याशी नाही, पानाशी.

"ऐक," ते म्हणाले. "तू म्हणालीस पोरीला कळवू नका, नाही कळवलं. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून नंबर लावून द्यायचो आणि तू हसून बोलायचीस. तुझ्या शब्दाखातर केलं सगळं. पण मला हे झेपत नाही आता. मी आज सांगतोय तिला. तुला आवडो, न आवडो."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक शब्द कळला.

"कुठला दवाखाना?" मी विचारलं. "अचानक झालं म्हणाला होतात सगळे."

"तिनंच म्हणायला लावलं." बाबा अजूनही समोरच बघत होते. "आठवड्याच्या वर होती तिथे. म्हणाली, पोरीचा पासपोर्ट अडकलाय, येता येणार नाही, तिकडे एकटी भिंतीवर डोकं आपटत बसेल. बरी होऊन घरी गेले की मीच सांगेन तिला हसत हसत. मला वाटलं, होईल बरी."

मला शेवटचा फोन आठवला. तोपर्यंत तो आठवण्यासारखा आहे असं कधी वाटलंच नव्हतं. थोडंसं इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली होती, "चल, ठेवते गं, कुकर लावायचाय." तिला घाई आहे म्हणून मीही आवरतं घेतलं होतं. मला त्यात काही वेगळं जाणवलं नव्हतं, मी बहुतेक त्याच वेळी मेल बघत होते.

"कुकर लावायचाय म्हणाली होती ती मला," मी म्हटलं.

"कुठला कुकर!" बाबा म्हणाले. "नर्स आली होती, सुई घेऊन."

मग ते आलं. दुःख नव्हतं ते, राग होता. सव्वा वर्ष कुठे दडी मारून बसला होता कोण जाणे, चांगला सणसणीत, माझा मूळचा राग. माझे कान तापले, हातातल्या वाटीतून खीर मनगटावर सांडली आणि ती गार लागली.

"खोटारडी!" मी ओरडले. "खोटारडी कुठली! कुकर लावायचाय म्हणे! मला विचारलंस? माझं मी ठरवलं असतं ना! मागवला असता पासपोर्ट, गेली असती नोकरी खड्ड्यात! तू कोण ठरवणारी? आणि वर मीच अडकवून ठेवलं म्हणे तुला! मी! आई, तू मला एकदा सांगायचंस गं, एकदा फक्त..." पुढचे शब्द नीट फुटेनात, कारण मी रडत होते. तोंड उघडं टाकून, नाकातून पाणी वाहत, लहान मूल रडतं तशी भर बागेत रडत होते. शेजारच्या घरात दिवा लागला.

पानाजवळ नुसता काट्यांचा गोळा उरला होता. तोंड नाही, पाय नाहीत.

बाबा माझ्याजवळ आले. एका हातानं त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि दुसरा हात माझ्या तोंडावर अलगद ठेवला.

"हळू," ते म्हणाले. "घाबरली बघ. जेवू दे तिला."